अजून एक पावसाळा

माणसाला टक्कल पडलं की ते आधी मागच्या माणसाला दिसतं. मोटारसायकलीच्या मागच्या टायरचंही तसंच आहे. गाडीवर बसलेला पुढे बघत असतो आणि टायर मागे झिजत असतो. त्यामुळे गेल्या जूनमध्ये आमचा पंक्चरवाला "काका, पार गोटा झालाय की!" असं म्हणाला, तेव्हा त्याची नजर नेमकी कुठे आहे हे मी आधी पाहून घेतलं. ती टायरवर होती. मी तरीही टोपी सारखी केली आणि म्हणालो, "अजून एक पावसाळा निघेल."

हे वाक्य माझं नव्हे, ते वडिलोपार्जित आहे. आजोबा ते घराच्या कौलांबद्दल म्हणत, वडील छत्रीबद्दल म्हणत. आमच्या घराण्यात वस्तू जुनी होते, पण संपत नाही. टूथपेस्टची नळी आधी लाटण्याने लाटायची आणि मग कात्रीने उभी चिरायची. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची. बनियनचं फडकं होतं, फडक्याचं सायकल पुसायचं बोळकं होतं आणि त्या बोळक्याचंही पुढे काहीतरी होत असावं, कारण ते टाकल्याचं मला आठवत नाही. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाला टायर गोटा झाला म्हणजे टायर मुरला, असंच वाटतं.

तरी घरी येऊन मी गाडी मेनस्टँडवर लावली आणि चष्मा लावून टायर तपासला. मधला भाग साफ गुळगुळीत होता आणि दोन्ही कडांना नक्षी शाबूत होती. म्हणजे हुबेहूब माझ्यासारखीच तऱ्हा. मोटारसायकल वळणावर कलते तेव्हा कडेवर चालते आणि सरळ रस्त्याला मधल्या पट्ट्यावर. घर, कचेरी, मंडई, घर असं तीस वर्षं नाकासमोर गाडी चालवणाऱ्याचा टायर मधोमधच झिजणार. सरळमार्गीपणाचा एवढा लेखी पुरावा मला दुसरीकडे कुठे मिळाला नव्हता. शिवाय पुढचा टायर बरा होता. गाडी ओढायचं काम आणि बसणाऱ्यांचं बहुतेक वजन मागच्यावर असतं, त्यामुळे तो आधी जातो. संसारातलं उदाहरण देत नाही, ही हे वाचणार आहे.

पुतण्याने तर मला भलताच धीर दिला. तो टीव्हीवर मोटारसायकलींच्या शर्यती बघतो. "काका, शर्यतीतले टायर गुळगुळीतच असतात. सुक्या रस्त्यावर जितकं जास्त रबर टेकेल तितकी पकड जास्त. खाचा असतात त्या फक्त पाणी बाहेर काढायला." हे खरं आहे. मात्र पाऊस आला की त्या लोकांनाही खाचांचे टायर चढवावे लागतात, हे अर्धं वाक्य त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आपल्या सोयीचं शास्त्र कळलं की पुढची पानं उलटायची नसतात.

ती पानं मग पावसाने उलटली. पहिला पाऊस फार वाईट. रस्त्यावर साठलेली धूळ आणि गाड्यांचं सांडलेलं तेल यांचं तो लोणी करून ठेवतो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडून साताऱ्यात उतरताना मी हळूच ब्रेक लावला आणि मागचं चाक मला ओलांडून पुढे जायला निघालं. आम्ही पडलो नाही. एका हातगाडीला टेकून थांबलो. ही मागून उतरली, पदर सारखा केला, भाजीची पिशवी उचलली आणि एक अक्षर न बोलता घरापर्यंत चालत गेली. मी तिच्यामागे पहिल्या गिअरमध्ये. त्या मुक्या वरातीनंतर अजून एक पावसाळा काढण्याची माझी हिंमत नव्हती.

टायर विकत घेणं हे बनियन घेण्याइतकं सोपं असावं, अशी माझी समजूत होती. दुकानदाराने पहिलाच प्रश्न टाकला, "शेठ, टिकाऊ पाहिजे का पकडणारा?" मी म्हटलं, "दोन्ही." तो दयेने हसला. मऊ रबराचा टायर रस्ता धरतो पण लवकर झिजतो. कडक रबराचा जास्त चालतो, पण ओल्यात तितकं धरत नाही. दोन्ही गुण एका टायरात पुरेपूर मागणारं गिऱ्हाईक रोज येतं, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं.

मग त्याने टायरची कुंडली वाचायला शिकवली. ८०/१०० – १८ म्हणजे रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या शंभर टक्के आणि रीम अठरा इंची. पुढे ५४पी. यातल्या ५४ चा अर्थ हा टायर २१२ किलो पेलतो आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर सोसतो. मी जन्मात साठच्या वर गेलेलो नाही. उरलेले नव्वद किलोमीटर माझ्या पैशात कोण पळणार, हे विचारायचं राहिलं. कडेला एका चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते बघून घ्यावे, कारण रबर नुसतं गोदामात पडूनही कडक होतं. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात आणि त्यांची जागा दाखवायला कडेला टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. झिजता झिजता टायर त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आला की त्याचं काम संपलं. आपल्याकडे कायदा मोटारीच्या टायरला १.६ मिलिमीटर खाच मागतो आणि दुचाकीला ०.८. म्हणजे एक मिलिमीटरसुद्धा पुरता नाही. माझ्या टायरचे उंचवटे कधीच जमीनदोस्त झाले होते. "शेठ, ह्याच्यावर वहिनींना बसवत होतात?" दुकानदार म्हणाला. मी खाली बघितलं.

पोऱ्याने लोखंडी पट्ट्या घालून जुना टायर रीमवरून काढला आणि भिंतीला टेकवला. "जुना ठेवताय ना? शंभर रुपये कमी करतो," दुकानदार म्हणाला. इतका वेळ मी सुटलो असंच समजत होतो. खरा प्रश्न आता सुरू झाला, कारण तेवढ्यात आमचा दूधवाला तिथे आला.

त्याच्या गाडीला दोन्ही बाजूंना किटल्या लटकलेल्या असतात. तो उतरला, माझा टायर त्याने उलटासुलटा करून पाहिला, अंगठ्याने दाबला आणि खूश होऊन म्हणाला, "काका, ह्यो तर लई भारी हाय की! इकायचाय?"

मी त्याला ०.८ मिलिमीटर समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि मला आपल्या मागच्या चाकाकडे नेलं. तिथे रबर संपून आतले धागे बाहेर आले होते, कोपर फाटलेल्या स्वेटरसारखे. "तुमी न्हाय दिला तर म्या ह्याच्यावरच फिरनार. मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. टायर कापून टाकावा, म्हणजे तो कुणाच्याच गळ्यात पडणार नाही, असा एक बाणेदार विचार मी करत होतो. पण तसं केलं तर माझा बाणा तेवढा शाबूत राहणार आणि धाग्यांवर तो फिरणार. विकावा, तर जे माझ्या जिवाला धोक्याचं ते मी शंभर रुपयांना त्याच्या जिवाला विकलं. त्याला नवा टायर घेऊन द्यावा, हाही विचार मनात आला. तो आला, पण बसला नाही. दीड-दोन हजारांचा आकडा ऐकून उभ्याउभ्याच गेला.

मला प्रवचनात ऐकलेला नचिकेता आठवला. वडिलांनी मोठा यज्ञ मांडला आणि दानात द्यायला काढल्या त्या गाई, ज्यांचं दूध संपलं होतं आणि दातही गेले होते. पोराला ते बघवेना. 'मला कुणाला देणार?' म्हणून तो मागेच लागला, तेव्हा वडील चिडून म्हणाले, यमाला. लहानपणी मला ते वडील दुष्ट वाटायचे. त्या दिवशी दुकानात उभा राहून वाटलं, बिचाऱ्यांनी फार काही केलं नव्हतं, फडकी वाटली होती. फक्त माझ्या दानाचा पत्ता यमाच्या घराच्या जरा जास्तच जवळचा होता. (आणि डनलॉप बघा. हाही जनावरांचाच डॉक्टर. त्याने १८८७ मध्ये बेलफास्टला हवेचा टायर केला तो स्वतःच्या मुलाच्या तीनचाकीसाठी. पोराला हादरे बसू नयेत म्हणून.)

शेवटी मी दुकानदाराला म्हटलं, "शंभर कापू नका. टायर ह्याला तसाच द्या." दूधवाल्याने माझ्यासाठी देवाला बरंच काही मागितलं. नव्या टायरवर पोवई नाक्यापर्यंत मी उदार माणूस होतो. घरी आल्यावर हिला सगळी हकीकत सांगितली.

"म्हणजे ज्याच्यावर मी बसायला नको, त्याच्यावर त्याला बसवलंत? त्याला बायको नाही?"

"तो बायकोला बसवत नाही," मी म्हटलं, "किटल्या बसवतो."

यावर ती हसली नाही. मलाही ते वाक्य बोलून झाल्यावरच ऐकू आलं.

तेव्हापासून पावसात सहाच्या सुमाराला मला आपोआप जाग येते. गल्लीच्या तोंडाला त्याची मोटारसायकल वाजेपर्यंत मी पांघरुणात कान देऊन पडून असतो. एक दिवस साडेसहा झाले, पावणेसात झाले. बाहेर धो धो चाललेलं. मी छत्री घेऊन फाटकाशी जाऊन उभा राहिलो. सातला तो आला, निथळत, किटल्यांवर प्लॅस्टिक बांधून.

"पंक्चर झालतं, काका."

"मागचं?"

"न्हाय, फुडचं."

मी भांडं त्याच्या हातात दिलं आणि तो दूध मापत असताना छत्रीखाली वाकून मागच्या टायरच्या खाचा बघितल्या. आता कडेच्याही जवळजवळ गेल्या आहेत. आतून हिचा आवाज आला, "अहो, दूध आणताय की टायर?"

"ह्या दिवाळीला बदलतो," दूधवाला म्हणाला. "तवर निघंल की."