ओरिजिनल म्हणजे कुठल्या तारखेची?

जुनी गाडी रिस्टोअर करायची म्हटलं की सगळे एकच सल्ला देतात, ‘ओरिजिनल कर.’ सल्ला चांगला आहे, फक्त त्यात तारीख टाकायची राहून जाते. ओरिजिनल म्हणजे नेमकी कुठल्या दिवसाची?

माझ्यापुढे हा प्रश्न १९८१ची प्रीमिअर पद्मिनी घेऊन आला. गाडी मामाची. तो गेल्यावर ती नेरूळला, खाडीच्या खाऱ्या हवेत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये गंजत उभी होती. माझं बजेट दोन लाख. आणि गाडी कॅटलॉगमधल्यासारखी अजिबात नाही. स्टिअरिंगला जोडलेला हँड गिअर काढून मामाने तो खाली फ्लोअरवर घेतला होता. पुढच्या सलग बाकाच्या जागी दुसऱ्या कुठल्या तरी गाडीच्या बकेट सीट्स. डिकीत सीएनजीची टाकी. मूळ क्रीम रंगावर मरून. आणि क्लचच्या पेडलवर बोल्टने आवळलेला एक लाकडी ठोकळा, कारण मामीचा पाय पोहोचत नव्हता.

अशा वेळी कुणीतरी थिसिअसच्या जहाजाचं कोडं काढतंच. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच राहतं का? माझी अडचण वेगळी आहे. फळ्या कुणीतरी विचार करून बदललेल्या आहेत. त्या उपटायचा अधिकार मला आहे का?

मुळात पद्मिनी तरी कुठे ‘मूळ’ आहे? इटलीत फियाटने ११००डी १९६६ साली बंद केली. आपल्याकडे तीच गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनत राहिली, १९७४मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं आणि २०००च्या आसपास तिचं उत्पादन थांबलं. शेवटच्या काळातल्या एस-१ मॉडेलमध्ये कंपनीनेच गिअर खाली आणला आणि बकेट सीट्स दिल्या. म्हणजे मामाने गल्लीतल्या गॅरेजात जे करून घेतलं, तेच कंपनीनेही केलं. एकाला जुगाड म्हणायचं आणि दुसऱ्याला मॉडेल?

टॅक्सीचंच बघा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदवलेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून गेली. तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसवर कसले फोटो होते? टपावरचं कॅरिअर, छताला आतून लावलेलं फुलाफुलांचं रेक्झिन, डॅशबोर्डवरचा देव. यातलं बहुतेक चालकांनी आपल्या खिशातून लावलेलं. अशी एखादी टॅक्सी म्युझियममध्ये ठेवताना शोरूममधल्यासारखी करून टाकली, तर ती कागदावर ओरिजिनल होईल आणि मुंबईकराला ओळखूच येणार नाही.

जुन्या इमारती जपणाऱ्यांनी हे भांडण आधीच केलं आहे. १९६४च्या व्हेनिस सनदेत म्हटलंय की वास्तूत प्रत्येक काळाने घातलेली योग्य भर जपावी, आणि जिथून अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबवावा. जुन्या गाड्यांसाठी फिवा या आंतरराष्ट्रीय संघटनेने केलेली ट्यूरिन सनद याच वाटेने जाते. मला हे पटतं. फक्त ‘योग्य’ कुणी ठरवायचं, एवढाच प्रश्न उरतो.

सरकारने तो आपल्यापुरता सोडवला आहे. २०२१च्या नियमांनुसार गाडीला व्हिंटेजचा दर्जा हवा असेल तर ती ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. तपासणाऱ्याला एक ठाम तारीख लागते, हे मी समजू शकतो. पण तो दर्जा मिळालेली गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. मामाची गाडी रोज वापरात होती.

वीस लाख असते तर यातलं काहीच डोक्यात आलं नसतं. गाडी एखाद्या नामांकित वर्कशॉपमध्ये सोडली असती आणि चकचकीत, मामाची एकही खूण नसलेली परत आणली असती. दोन लाखांत मात्र प्रत्येक बदलाला ‘तू का आहेस?’ असं विचारावं लागतं.

पहिला नंबर ब्रेकचा, मग फ्लोअरचा गंज, मग वायरिंग. मामाने हॉर्न आणि टेप थेट बॅटरीवरून घेतले होते, मध्ये फ्यूज नाही. तोही त्याचाच निर्णय, तेही त्याचंच हस्ताक्षर. ते मी एका मिनिटात कापायला सांगितलं. मामाचा मान मी राखायचा आणि त्याची किंमत सायन-पनवेल हायवेवर माझ्या मागे असलेल्या बाइकवाल्याने मोजायची, हे चालणार नाही. त्या माणसाला कुणी विचारलेलंच नसतं.

गिअर खालीच ठेवला. हँड गिअर परत बसवायचा तर कुर्ल्याच्या भंगारबाजारातून, कापलेल्या दुसऱ्या पद्मिनीचा रॉड आणावा लागला असता. तो १९८१चा असेलही, पण या गाडीचा नसता. असल्या ओरिजिनलपणाला मी तरी उसनेपणाच म्हणेन.

राहिला ठोकळा. “हा काढू ना, साहेब?” मिस्त्रीने विचारलं. मी थांबवलं. आमच्या घरात त्या ठोकळ्याची गोष्ट कौतुकाने सांगितली जाते: मामाने बायकोला गाडी शिकवली, त्या काळात! मी मामीला फोन लावला.

“काढ रे तो,” ती म्हणाली. “मला कधी चालवायचीच नव्हती. धडधडायचं नुसतं. तुझ्या मामाचा हट्ट. दोन वर्षं चालवली, मग गुडघ्याचं निमित्त केलं.”

गाडीतला प्रत्येक बदल म्हणजे कुणाचा तरी निर्णय, असं मी धरून चाललो होतो. या एका बदलात माणसं दोन होती आणि निर्णय एकाचाच. गोष्टही मामाचीच होती. मामी आज हयात आहे, तिने स्पष्ट सांगितलंय, आणि माझ्या किंवा कुठल्या सनदेच्या हळवेपणापेक्षा तिचा शब्द मोठा.

ठोकळा काढला. पेडलमधली बोल्टची दोन भोकं बुजवायला मिस्त्रीने दीडशे रुपये सांगितले, ती मात्र तशीच ठेवली. रंगाचे पैसे या वर्षी नाहीत. मरून आवडायचा का, हे मामीला अजून विचारायचंय.