उसनं पाणी

मे महिन्यात पोहता येईल अशी नदी शोधून दाखवा. पुण्यातली मुळा-मुठा मोजायची नाही, तिच्यात बाराही महिने पोहता येत नाही. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या बहुतेक लहान नद्या होळीनंतर डबक्यांच्या रांगा होऊन पडतात. पात्रात क्रिकेट खेळता येतं, पोहता येत नाही. कोलाडची कुंडलिका मात्र ऐन उन्हाळ्यात, सकाळच्या वेळी, छातीभर पाणी घेऊन धावत असते. म्हणून तिथे राफ्टिंग चालतं, म्हणून तिच्या काठावर तंबू आणि रिसॉर्टं उगवली आहेत, आणि म्हणूनच गेल्या मे महिन्यात आम्ही दोन गाड्या काढून तिथे गेलो. आई, बाबा, काका, काकू, ताई, तिची सात वर्षांची मुलगी, आतेभाऊ, त्याच्या ऑफिसातले दोन मित्र आणि एक्क्याऐंशी वर्षांची आजी.

पुण्याहून कोलाडला जायचा रस्ता पौडवरून मुळशीच्या तलावाच्या कडेकडेने जातो आणि ताम्हिणी घाट उतरून कोकणात शिरतो. तलावापाशी सगळेच थांबतात. आम्हीही थांबलो. चहा घेतला, फोटो काढले. आतेभावाचे मित्र मराठवाड्यातले, त्यांनी एवढं पाणी मे महिन्यात पाहिलं नव्हतं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "या पाण्याखाली आमचं गाव आहे."

हे वाक्य मी लहानपणापासून म्हणत आले आहे. शाळेत निबंधात लिहिलं, कॉलेजात वादविवाद स्पर्धेत वापरलं. एकदा तर त्यावर बक्षीसही मिळालं. त्यामागची गोष्ट खरीच मोठी आहे. पहिल्या महायुद्धानंतर टाटा कंपनीनं मुंबईला वीज पुरवण्यासाठी मुळशीला धरण बांधायला घेतलं. पन्नासच्या आसपास गावांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट पुढे झाले आणि याच लढ्यातून 'सेनापती' म्हणून ओळखले जाऊ लागले. धरणाविरुद्ध इतक्या संघटितपणे उभे राहिलेले लोक त्याआधी जगात फारसे कुठे दिसत नाहीत. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

मित्रांनी आदराने माझ्याकडे पाहिलं. एकाने विचारलं, "म्हणजे तुम्ही लोक विस्थापित?" मी मान हलवली. आजी गाडीत बसूनच चहा पीत होती. ती काही बोलली नाही.

घाट उतरून कोलाडला पोहोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि नदीत गुडघाभरही पाणी नव्हतं. भाची रडवेली झाली. काठावरच्या दादांनी सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावली आणि म्हणाले, "थांबा ताई, अजून पाणी सुटायचंय. सुटलं की आधी सगळे वर या. स्थिर झालं की मग उतरा."

नदीला 'पाणी सुटायचंय' हे मी पहिल्यांदाच ऐकलं. नळाला पाणी सुटतं, कॅनॉलला सुटतं. दादांनी समजावलं. वर भिऱ्याला जनित्रं फिरली की त्यातून बाहेर पडणारं पाणी कुंडलिकेत येतं. जनित्रं थांबली की नदी बसते. तासाभराने दगड एकेक करत बुडू लागले, पाण्याचा आवाज बदलला आणि बघता बघता समोर नदी आली.

त्या पाण्यात आम्ही दोन तास होतो. बाबांना मी आयुष्यात पहिल्यांदा हसत हसत बुडी मारताना पाहिलं. काकूंनी कधी नदीत पाय ठेवला नव्हता. त्या जॅकेट घालून पाठीवर तरंगल्या आणि "मला कुणी हात लावू नका" असं ओरडत राहिल्या. कलिंगडं दगडांच्या बेचक्यात गार व्हायला ठेवली होती, त्यातलं एक सुटून वाहत गेलं आणि आतेभावाने त्याच्यामागे पोहत जाऊन ते परत आणलं. इतका निर्मळ आनंद आमच्या घराला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. वर्षभर आजोबांचं आजारपण, मग त्यांचं जाणं, मग वाटण्यांचे कागद. त्या दोन तासांत कुणालाच काही आठवत नव्हतं.

मला मात्र पाठीवर तरंगताना एक आठवलं. भिऱ्याला पाणी येतं कुठून? मुळशीहून. हे मी निबंधात लिहिलेलं होतं. मुळेचं पाणी खरं तर पूर्वेला जाणारं. पुण्यात मुठेला भेटून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात. धरणानं ते अडवलं, बोगद्यांतून आणि पाइपांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडलं आणि ते अरबी समुद्राकडे वळलं. सकाळी ज्या तलावापाशी उभं राहून मी विस्थापितांचं दुःख सांगितलं, त्याच तलावाच्या पाण्यावर मी आता तरंगत होते. गावं बुडाली म्हणून ही नदी उन्हाळ्यात भरते. ती बुडाली नसती तर आज इथे डबकी असती.

मी बाहेर आले आणि आजीशेजारी बसले. ती पाण्यात पाय सोडून बसली होती. मी म्हटलं, "आजी, हे मुळशीचं पाणी आहे. आपल्या गावावरून आलेलं."

आजी म्हणाली, "आपलं गाव नव्हतं गं ते. आपली जमीन होती."

मला फरक कळला नाही. तिने सांगितलं. तिचे सासरे, म्हणजे माझे पणजोबा, पुण्यातच राहायचे. त्यांच्या वडिलांची सावकारी. मुळशी खोऱ्यातली काही खाचरं कर्जापोटी त्यांच्याकडे आलेली. "मामंजी सुगी झाली की जायचे, खंड घेऊन यायचे. वर्षाचा आंबेमोहर घरात यायचा, विकत कधी घेतला नाही म्हणायचे."

"आणि कसायचं कोण?"

"ज्यांची होती ते."

धरण झालं तेव्हा जमिनीचा मोबदला पणजोबांना मिळाला. त्या पैशांत पेठेतला लहानसा वाडा घेतला. तो वाडा १९९० च्या सुमारास बिल्डरला दिला आणि त्या बदल्यात जे फ्लॅट मिळाले, त्यांपैकी एकात मी राहते. कसणाऱ्यांचं काय झालं? आजीला माहीत नाही. मामंजींनी कधी सांगितलं नाही, तिने कधी विचारलं नाही. मग ती म्हणाली, "चल, सगळ्यांना बोलव. दहीभात आंबेल."

घरी आल्यावर मी राजेंद्र व्होरा यांचं मुळशी सत्याग्रहावरचं पुस्तक पुन्हा काढलं. कॉलेजात असताना त्यातली बापटांची पानं तेवढी वाचली होती. मुळशीतल्या कितीतरी जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या आणि मोबदल्याच्या वाटाघाटीत मावळ्यांपेक्षा त्यांचा आवाज मोठा होता, हे त्यात तेव्हाही होतं. मी ती पानं ओलांडून गेले होते. विस्थापिताची खुर्ची मला बसायला सोयीची होती.

आता प्रश्न असा. हे सगळं कळल्यावर त्या नदीत पोहायचं की नाही? आणि पोहलो, तर तो आनंद कसला?

आतेभावाचं उत्तर सरळ आहे. "शंभर वर्षं झाली. धरण तू बांधलं नाहीस, कर्ज तू दिलं नाहीस. पोहून घे." त्याचं बरोबर आहे असं मला वाटतं. दोष करणाऱ्याचा असतो. पणजोबांच्या वडिलांनी किती टक्क्यांनी कर्ज दिलं, याची शिक्षा मला मिळणं न्यायाचं नाही. आणि अपराधी वाटून घेण्यात एक लबाडीही आहे. त्या रात्री मी फोनवर एक मोठी पोस्ट लिहिली होती, माझी सुट्टी कुणाच्या उद्ध्वस्त घरावर उभी आहे वगैरे. वाचून पाहिली तर तिच्यात 'मी' चौदा वेळा होतं आणि कुळांबद्दल एकच वाक्य. कालपर्यंत मी विस्थापितांच्या दुःखावर बक्षीस घेत होते, आता पश्चात्तापावर लाइक घेणार होते. पोस्ट पुसली.

पण दोष नाही म्हणजे काहीच नाही, असं होतं का? आपल्याकडे दोषाहून वेगळा एक शब्द आहे, ऋण. जुनी कल्पना अशी की माणूस जन्माला येतो तोच देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं ऋण घेऊन. त्यात त्याची काही चूक नसते. त्याच्याआधी कुणी काही केलं, त्याचं फळ त्याच्या ताटात आलं, एवढंच. ही कल्पना मला आवडते, कारण ती ताट बाजूला सारायला सांगत नाही. जेव, पण हे तुझं एकट्याचं नाही हे लक्षात ठेव, आणि जमेल तसं फेड.

अडचण एवढीच की त्या यादीत देणेकरी म्हणून मुळशीचं कूळ कुठेच नाही. देव आहेत, ऋषी आहेत, पितर आहेत. म्हणजे ज्यांच्यापुढे आपण तसेही हात जोडतो तेच. ज्याने खाचर नांगरलं, भात लावला, खंड दिला आणि शेवटी हातात काही न पडता डोंगरावर चढला, त्याचं ऋण मोजायची पद्धतच आपण पाडली नाही. उलट आमच्या घरच्या वहीत तोच ऋणको होता. माझ्या पितरांचं ऋण मी श्राद्धाला फेडते, पण माझे पितर ज्याचे देणेकरी होते तो कोण?

त्याचं नाव मिळेल म्हणून मी आजीला जुन्या कागदांबद्दल विचारलं. वाड्याच्या माळ्यावर एक ट्रंक होती, तिच्यात कर्जखतं होती, खाली अंगठे उमटवलेली. आजीने ती स्वतः पाहिली होती. वाडा पाडायच्या वेळी ती रद्दीत गेली. पुणे जिल्ह्यातल्याच सुप्याला १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद हिसकावून जाळले होते, कारण कागद राहिला की कर्ज राहतं. आमचे कागद मात्र कुणी जाळले नाहीत. ते किलोच्या भावाने गेले आणि त्यांच्याबरोबर आमचं देणं कुणाला आहे, हेही गेलं.

मग फेडायचं कसं? पाणी परत द्यायचं? पश्चिमेला वळवलेलं हे पाणी पुन्हा पूर्वेकडे आणावं, अशी मागणी अधूनमधून होते. पण ती मागणी पुण्याच्या वाढत्या तहानेसाठी असते, मुळशीच्या बुडालेल्यांसाठी नाही. आणि शंभर वर्षांत त्या पाण्यावर कुंडलिकेच्या काठी दुसरी माणसं उभी राहिली आहेत. आम्हाला जॅकेट घालणाऱ्या दादांचं घर त्या सुटणाऱ्या पाण्यावर चालतं. एका अन्यायाची भरपाई म्हणून दादांची नदी आटवायची? जुनं देणं असं असतं. जितकं थांबाल तितकं ते दुसऱ्यांच्या जगण्यात मिसळत जातं आणि परत उचलून देता येत नाही.

म्हणूनच मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर मुळशीत सापडणार नाही. ते जिथे देणं अजून ताजं आहे तिथे शोधायला हवं. पुण्याचं नवं विमानतळ पुरंदर तालुक्यातल्या सात गावांच्या जमिनीवर व्हायचं आहे. गावकऱ्यांनी विरोध केला, मोर्चे काढले, मोजणी अडवली. ते विमानतळ झालं तर मी तिथून विमानात बसणार, हे मला आजच माहीत आहे. इथे शंभर वर्षं उलटलेली नाहीत. ज्यांचं जाणार आहे त्यांना नावं आहेत आणि फोन नंबरही आहेत. मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळणार. पण त्या रानात मजुरीला जाणाऱ्या बाईला काय, दुसऱ्याचं शेत वाट्याने करणाऱ्याला काय, हा प्रश्न आज विचारता येतो. १९२१ साली पुण्यातल्या एखाद्या वाड्यात कुणी तो विचारला असता, तर कदाचित त्या ट्रंकेतली नावं आज मला माहीत असती.

असा प्रश्न विचारल्याने फार काही होईल, अशी माझी समजूत नाही. पण आनंद निष्पाप असलाच पाहिजे ही अट मी सोडून दिली आहे. तसा आनंद कुठल्या नदीवर मिळतो, मला ठाऊक नाही. आनंद अडाणी असू नये, एवढीच अट ठेवली आहे. आणि खोटा तर नकोच.

सहलीचे फोटो आतेभावाने ग्रुपवर टाकले. तलावापाशी काढलेल्या फोटोखाली त्याने लिहिलं, 'आमच्या बुडालेल्या गावाजवळ.' मी खाली लिहिलं, 'गाव आपलं नव्हतं. आपल्याकडे गहाण पडलेली जमीन होती. मोबदला आपल्याला मिळाला, गाव त्यांचं गेलं.' बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग काकांनी विचारलं, 'हे आत्ता कशाला?' आजीही ग्रुपवर आहे. तिने नुसता अंगठा पाठवला.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा कोलाडला जायचं ठरतंय. मी जाणार आहे. वाटेत तलावापाशी थांबू तेव्हा गोष्टही सांगेन, फक्त या वेळी आम्ही तिच्यात कुठे उभे होतो तेही सांगेन.