शल्यविभागातील प्रबंध आणि रुग्णाचा होकार

जनरल सर्जरीची एम.एस. ही पदवी तीन वर्षांची असते आणि तिच्यासाठी प्रत्येक निवासी डॉक्टरला प्रबंध लिहावाच लागतो. सोलापुरात १९६३ साली स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. तेथेही हाच नियम. गाइडबरोबर विषय ठरतो, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाची रूपरेषा एथिक्स कमिटीपुढे जाते, मग वॉर्डातून ‘केसेस’ जमवायच्या. विषय बहुधा रोजच्या ओपीडीतले: मधुमेह्याच्या पायाची जखम, हर्नियाची जाळी, अपेंडिक्सच्या निदानासाठीचा अल्वाराडो स्कोअर.

तात्त्विक पेच येथूनच सुरू होतो. रुग्ण बरा व्हायला आलेला असतो आणि पदवी डॉक्टरला मिळणार असते. माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, असे तत्त्वज्ञ कान्ट सांगतो. पण रुग्णांवाचून शल्यविद्या शिकताच येत नाही. कान्टचा आक्षेपही माणसाचा उपयोग होण्याला नसून त्याची इच्छा डावलण्याला आहे.

सोलापूरच्या मातीत याच विचाराला दुसरी वाट आहे. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांचा तलाव लोकांच्या श्रमातून झाला, असे परंपरा सांगते. सिद्धरामेश्वर ज्यांच्यापैकी होते त्या शरण संतांच्या विचारात कायक म्हणजे प्रामाणिक श्रम आणि दासोह म्हणजे त्याचे फळ समाजाला अर्पण करणे. रुग्णाने आपल्या दुखण्याची माहिती पुढच्या रुग्णांसाठी द्यावी, यालाही दासोह म्हणता येईल. मात्र दासोह जाणूनबुजून केला जातो. न विचारता घेतलेले कुणाच्या पुण्यात जमा होत नाही.

विचारणे तरी कुठे सोपे आहे? रोज ड्रेसिंग करणारा डॉक्टरच संमतिपत्र पुढे करतो तेव्हा “तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टरसाहेब” एवढेच उत्तर येते. पाय वाचवणाऱ्याला नाही कोण म्हणणार? त्यात विडी वळणाऱ्या बाईची घरची भाषा तेलुगू, अक्कलकोटकडच्या शेतकऱ्याची कन्नड, आणि कागद मराठीत. वाचता न येणाऱ्याचा अंगठा निःपक्ष साक्षीदारासमोरच घ्यावा, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. रुग्ण उपचार करणाऱ्यावर अवलंबून असेल, तर संमती त्या नात्याबाहेरच्या जाणकाराने घ्यावी, असे वैद्यकीय संशोधनाच्या नीतीविषयीचा हेलसिंकी जाहीरनामा म्हणतो. दुसऱ्या युनिटच्या, रुग्णाची भाषा बोलणाऱ्या डॉक्टरला पाठवणे हा त्यातल्या त्यात साधा उपाय. कृतज्ञतेतून आलेला होकार खोटा नसतो, पण पुरेसाही नसतो.

एवढ्यानेही प्रश्न सुटत नाही. संख्याशास्त्रज्ञ डग्लस ऑल्टमन यांनी १९९४ साली सुमार वैद्यकीय संशोधनाला उघड उघड लांच्छन ठरवले आणि त्याचे खापर नुसत्या अज्ञानावर फोडले नाही. कारकिर्दीसाठी संशोधन करायला लावणाऱ्या व्यवस्थेवरही बोट ठेवले. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या प्रश्नावर, किंवा निष्कर्षच निघू नये इतक्या थोड्या रुग्णांवर केलेला प्रबंध संमतिपत्रे चोख असूनही अनैतिकच ठरतो, कारण रुग्णाने दिलेले त्यात वाया जाते. म्हणून सिनॉप्सिस तपासताना नमुन्याचा आकार हा एथिक्स कमिटीचाही प्रश्न असतो. निकाल अपेक्षेविरुद्ध गेला तरी तो लोकांपुढे मांडणे हेलसिंकी जाहीरनाम्याने संशोधकावर बंधनकारक मानले आहे. विभागाच्या कपाटातील बांधीव प्रतीने ते बंधन पुरे होत नाही.