सुईत दोरा ओवणारी

देवासची एक मुलगी धारला दिली होती. भाऊबीजेला ती इंदूरला बस बदलून माहेरी येई. तिला आणि तिच्या वहिनीला, दोघींनाही मधुमेह होता. वहिनीचा नवा, नणंदेचा दहा वर्षांचा.

वहिनीला जवळचं धूसर दिसे. पोथी हातभर लांब धरावी लागे. नणंदेने चाळिशी गाठली तरी तिला चष्मा नव्हता. टेकडीवर तुळजाभवानीच्या वाटेने कोण चढतंय, ते ती अंगणातून सांगे. सुईत दोरा ओवायला घरात तिलाच हाक मारत.

त्या वर्षी वहिनी डोळे दाखवायला निघाली.

“वन्सं, चला ना सोबतीला.”

“चल वहिनी. नाहीतरी मला बसून काय काम?”

दवाखान्यात परिचारिकेने वहिनीच्या डोळ्यांत थेंब घातले. मग सोबतिणीकडे वळून विचारलं, “तुम्हालाही साखर आहे का?”

“आहे. पण मला सगळं स्वच्छ दिसतं.”

“तरी बसा.”

थेंबांनी बाहुल्या मोठ्या झाल्या. डॉक्टरांनी दोघींच्या डोळ्यांचे मागचे पडदे तपासले, फोटो काढले. वहिनीचा पडदा निरोगी निघाला. तिला फक्त चष्मा हवा होता. नणंदेच्या पडद्यावर मात्र नको त्या जागी नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या होत्या. त्या केव्हाही फुटल्या असत्या आणि डोळ्यात रक्त उतरलं असतं.

“पण मला दुखत नाही, खुपत नाही,” ती म्हणाली.

“हा आजार दुखत नाही,” डॉक्टर म्हणाले. “साखर पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करत जाते. पडद्याचा मधला भाग शाबूत असेपर्यंत नजर चांगली राहू शकते. गेलेली नजर परत आणणं अवघड असतं, असलेली राखता येते.”

नणंद माहेरी आणखी राहिली. दोन्ही डोळ्यांना लेसर झालं. साखरेबरोबर रक्तदाबही आवरायचा, हे तिने नीट ऐकून घेतलं.

चांगलं दिसणं आणि डोळा चांगला असणं या दोन गोष्टी निराळ्या. त्यातली दुसरी आपली आपल्याला कळत नाही, ती दुसऱ्याने आत डोकावून पाहावी लागते. नणंद वाचली ती वहिनीच्या धूसर नजरेमुळे, आणि एका परिचारिकेने सहज विचारलेल्या प्रश्नामुळे. सगळ्यांच्या वाट्याला अशी सोबत येत नाही.

निघताना वहिनीने डॉक्टरांना विचारलं, “माझा पडदा चांगला आहे, मग मी आता यायचं नाही ना?”

“मधुमेह आहे ना? वर्षाने या,” डॉक्टर म्हणाले. “आणि यांना त्याआधीच घेऊन या.”