थकलेल्याला भाकर, एकट्याला सोबती



कतार देशात दोहाजवळ अल गराफा नावाची वस्ती आहे. ठाण्याच्या आमच्या एका शाळासोबत्याचा मुलगा तेथे राहून संगणकाचे काम करतो. मनावर ताण आलेल्या माणसाला मोबाईलवर धीर व सल्ला देणारे साधन तो आणि त्याचे सहकारी तयार करीत आहेत. त्याने आम्हांस फोनवर विचारले, "काका, रात्री दोन वाजता झोप न लागणारा माणूस हे उघडील, तेव्हा त्याला पहिला शब्द काय सांगावा? तुमच्या शास्त्रात काही आहे का?"

आहे. ज्याच्या नावाने आपण मलिदा करतो, त्या एलियाहू हन्नाबीच्याच चरित्रात आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १९वा अध्याय काढून पाहा. ईजेबेल राणीच्या धमकीने घाबरून एलियाहू बेरशेबास आला. आज आपली कित्येक कुटुंबे राहतात तेच हे बेरशेबा. तेथे त्याने चाकराला मागे ठेवले, एकटाच रानात गेला आणि झुडपाखाली बसून मरण मागू लागला.

तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला काय? नाही. निखाऱ्यावरची भाकर व पाण्याचे भांडे पुढे ठेवले. तो जेवला, झोपला. देवदूताने पुन्हा उठवून जेवू घातले. पुढे होरेब डोंगरावर परमेश्वराने त्याला प्रश्न विचारला व त्याचे गाऱ्हाणे ऐकले. एलियाहूने तेच गाऱ्हाणे दोनदा सांगितले, तरी तो रागावला नाही. शेवटी, तू एकटा नाहीस, तुझ्यासारखे ७००० आहेत, असे सांगून त्याला एलिशाकडे धाडले.

म्हणून आम्ही त्या मुलास म्हटले, तुझ्या साधनाने आधी जेवण आणि झोप विचारावी, मग ऐकावे आणि शेवटी माणसाकडे पाठवावे. शेवटची पायरी गाळू नकोस.

हा धोका जुनाच आहे. बर्लिनमध्ये जन्मलेले व १९३६ साली नाझींच्या राज्यातून निघून गेलेले यहुदी शास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाऊम यांनी १९६६ साली अमेरिकेत 'एलायझा' हा संभाषण करणारा कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो बहुधा माणसाचेच शब्द फिरवून प्रश्न विचारी. तरी त्यांची सेक्रेटरी त्याच्याशी बोलण्यात इतकी रंगली, की तिने त्यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले. ते चकित झाले, आणि १९७६ साली ग्रंथ लिहून त्यांनी बजावले की माणसाच्या आस्थेची जागा यंत्राला देऊ नये.

आपले पूर्वज कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले गेले. शब्बाथला त्यांचा घाणा थांबे. जे साधन कधी थांबतच नाही, माणसाला सतत आपल्याकडेच ओढते, ते ताण कसा उतरवील?

फोन ठेवण्यापूर्वी आम्ही विचारले, "बाळा, आज जेवलास का?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, चार रात्री नीट झोपलो नाही. बाबांना सांगू नका." आम्ही म्हटले, "आम्ही सांगणार नाही. तूच सांग. आत्ताच." त्याने त्याच रात्री वडिलांना फोन केला.

बंधुभगिनींनो, दिमोना, अश्दोद, लोद, जेथे कोठे आपण असाल, तेथे आपल्या शेजारीही कोणी झुडपाखाली बसला असेल. या शब्बाथच्या आधी त्याचे दार ठोठवा, आणि रिकाम्या हाताने जाऊ नका.

एलियाहूला भाकर धाडणारा परमेश्वर आपणां सर्वांस शालोम देवो. आमेन.