पडली तिथून पुढे

कॅलिफोर्नियात नातीच्या शाळेच्या मैदानावर डिस्क गोल्फचा नवशिक्यांसाठी छोटा कोर्स आहे. याच राज्यात १९७५ साली एड हेड्रिक यांनी ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स उभारला. या खेळात तबकडी लोंबत्या साखळ्यांवर फेकायची. ती खणखणत टोपलीत पडते. मुख्य नियम असा, की तबकडी जिथे थांबली, तिथूनच पुढची फेक.

नात झुडपाआड गुडघा टेकून, हात बाजूला काढून फेकते, तेव्हा मला प्रारब्ध आणि क्रियमाण यांचं नातं उमगतं. मिळालेली जागा मागच्या फेकीचं फळ; पुढची फेक मात्र पूर्णपणे आपली. प्रारब्ध मानणं म्हणजे हातपाय गाळणं नव्हे. आहे ती जागा कुरकुर न करता स्वीकारून जीव ओतून फेकणं, हीच माझ्या मते खरी शरणागती.