विस्मृत गीते आणि रसिकाचे ऋण

काळासारखा निःपक्षपाती परीक्षक नाही, हे मत आपल्याकडील सुशिक्षितांत इतके रूढ आहे की त्याची शहानिशा करावी असे सहसा कोणास वाटत नाही. हिणकस असेल ते गळून पडते, कसदार असेल ते टिकते; सबब जे टिकले ते चांगले आणि जे लोपले ते लोपण्याच्याच योग्यतेचे, असा हा सरळ हिशेब आहे. या हिशेबाला अलीकडे एका अनपेक्षित दिशेने बाध आला आहे. गेल्या पाव शतकात अमेरिकेत व इंग्लंडात सोल, फंक आणि रेगे या गायनप्रकारांच्या 1960 ते 1980 या काळातील विस्मृत ध्वनिमुद्रिका हुडकून काढून त्या पुन्हा प्रसिद्ध करण्याचा उद्योग भरभराटीस आला. बड्या कंपन्यांच्या आश्रयावाचून निघणाऱ्या, ‘इंडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नव्या तबकड्या ज्या दुकानांत मिळतात, त्याच दुकानांत या अर्धशतकापूर्वीच्या तबकड्याही मांडलेल्या आढळतात. आणि पुष्कळदा दोहोंचा ग्राहक एकच असतो. हा केवळ शौकाचा मामला आहे असे समजून तो सोडून देता येईल. परंतु त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्याला त्याच्या काळी कोणी ऐकले नाही, त्याला आज ऐकून आपण कोणते कर्तव्य पार पाडतो, आणि कोणते टाळतो?

ज्या वाचकांना या संगीताचा परिचय नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. सोल हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांतील भक्तिगायनाचे ऐहिक अपत्य. ईश्वराला उद्देशून फोडलेला टाहो त्यात मनुष्याला उद्देशून फोडलेला असतो. जेम्स ब्राऊनने 1960 नंतरच्या दशकात त्यातील लय पुढे आणून फंकचा पाया घातला. फंकमध्ये आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सारा भार असतो. समेवर मान डोलावण्याची सवय असलेल्या आपल्या श्रोत्याला त्याची गोडी चटकन कळावी. जमैकातील रेगेची तऱ्हा याच्या उलट. त्याच्या एका प्रसिद्ध ठेक्यात पहिली मात्रा चक्क मोकळी सोडतात आणि आघात तिसरीवर पडतो. जेथे पाऊल टेकावयाचे तेथेच पायरी नसावी, तसा काहीसा सुखद धक्का त्याने बसतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. किंग्स्टन येथील ली पेरी याच्या ब्लॅक आर्क या कलागृहात ‘हार्ट ऑफ द काँगोज’ ही तबकडी तयार झाली व ती 1977 साली निघाली. त्या वेळी तिच्या मोजक्याच प्रती बाहेर पडल्या. पुढे 1996 साली मँचेस्टरच्या ब्लड अँड फायर या लहानशा कंपनीने ती नीटनेटकी प्रसिद्ध केली, आणि आज रेगेच्या जाणकारांत तिची गणना अत्युत्कृष्ट कृतींत होते. शिकागोत 2003 साली निघालेल्या न्यूमेरो ग्रूप या कंपनीने आपल्या कार्याचा आरंभ ओहायो राज्यातील कोलंबस शहरच्या कॅपसोल नावाच्या बंद पडलेल्या कंपनीची गाणी पुन्हा छापून केला. या गाण्यांना काळाने नापास केले होते काय? काळापुढे ती कधी गेलीच नव्हती. गावातल्या गावात निघालेली तबकडी परगावच्या दुकानापर्यंत पोचविण्यास भांडवल लागते, नभोवाणीवर ती वाजावी यासाठी ओळख लागते. या दोहोंचा अभाव हे त्या गाण्यांच्या लोपाचे कारण होते, आणि त्याचा सुराशी किंवा लयीशी काडीइतकाही संबंध नव्हता. म्हणजे ज्याला आपण काळाचा निवाडा म्हणतो तो पुष्कळ प्रसंगी माणसांचाच निवाडा असतो, किंबहुना निवाडा करण्याचा त्यांचा कंटाळा असतो. काळाच्या नावावर तो खपविला की कोणीच जबाबदार राहत नाही, एवढीच त्यातील सोय.

आपल्या साहित्यातही याचा दाखला आहे. ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत तरुण कालिदासाला भासादिकांच्या लौकिकापुढे आपल्या नव्या नाटकाची कैफियत मांडावी लागली. जुने तेवढे सगळेच चांगले नसते आणि नवे म्हणून काही निंद्य ठरत नाही, असा तिचा आशय. पुढे कालचक्र असे फिरले की कालिदास घरोघर पोचला आणि ज्याचा त्याला दरारा वाटला तो भास केवळ नावापुरता उरला. गणपतिशास्त्र्यांना सापडलेली तेरा नाटके 1912 सालापासून त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा कोठे भास पुन्हा वाचावयास मिळाला. आणि ती सर्व त्याचीच की काय याविषयी पंडितांत अजून वाद आहे. ज्या काळाने भास हरविला आणि कालिदास राखला, त्याच्या हाती तराजू होता असे कोण म्हणेल?

तथापि विस्मृताचा शोध घेणे म्हणजे त्याला न्याय देणे, असेही घाईने म्हणता येत नाही. फ्रँक विल्सन याचे ‘डू आय लव्ह यू’ हे गाणे डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीने 1965 साली मुद्रित केले, परंतु ते विक्रीस आले नाही व बहुतेक सर्व प्रती नष्ट झाल्या. इंग्लंडच्या उत्तरेकडील नृत्यगृहांतून त्याला पुढे उदंड लोकप्रियता लाभली, आणि उरलेल्या अगदी थोड्या प्रतींपैकी एक 2009 साली 25,000 पौंडांहून अधिक किमतीस विकली गेली. ही किंमत गाण्याची नव्हे, दुर्मिळतेची. ती तबकडीच्या मालकाला मिळते. ज्याच्या कंठातून गाणे निघाले तो या व्यवहारात कोठेच येत नाही.

याहून बोलका दाखला विन्स्टन्स या वाद्यवृंदाचा. त्यांच्या 1969 सालच्या ‘आमेन, ब्रदर’ या वाद्यगीतात ग्रेगरी कोलमन याने सुमारे सहा-सात सेकंद एकट्याने ड्रम वाजविला आहे. पुढे यंत्रसाहाय्याने जुन्या मुद्रणांतले तुकडे कापून नवी गाणी रचण्याची रीत आली, तेव्हा हा तुकडा हजारो गाण्यांत वापरला गेला. इंग्लंडातील एक संपूर्ण नृत्यसंगीतप्रकार त्याच्यावर उभा राहिला. कोलमन 2006 साली हलाखीत मरण पावला. या वापराबद्दल त्याला किंवा वृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला रीतसर मोबदला असा मिळाला नाही. अखेर 2015 साली काही इंग्रज रसिकांनी वर्गणी जमवून स्पेन्सरला 24,000 पौंड दिले. वर्गणीदारांचे सौजन्य वादातीत आहे. परंतु जे ऋण होते ते येथे दान म्हणून दिले गेले, आणि या दोहोंत फार अंतर आहे. दान देणारा उंच होतो, ऋण फेडणारा केवळ बरोबरीस येतो. जिवंतपणी ज्याची विचारपूस केली नाही त्याचे श्राद्ध थाटाने घालणारी मंडळी आपण सर्वांनी पाहिली आहेत. श्राद्ध घालू नये असे माझे म्हणणे नाही. पण त्यावरून मुलाच्या मातृभक्तीचे माप कोणी घेत नाही.

मग विस्मृताचे ऋण फेडावयाचे कसे? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर त्याच दुकानातल्या नव्या तबकड्यांच्या फळीपाशी सापडते. चार्ल्स ब्रॅडली 1948 साली जन्मला. त्याने चौदाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या अपोलो नाट्यगृहात जेम्स ब्राऊनला ऐकले आणि गायक होण्याचे मनाशी ठरविले. पुढील आयुष्य त्याने मुख्यतः स्वयंपाक्याची चाकरी करण्यात व मिळेल तेथे जेम्स ब्राऊनची नक्कल करून गाण्यात घालविले. ब्रुकलिनच्या डॅपटोन या स्वतंत्र कंपनीशी त्याची गाठ पडली, व त्याची पहिली पूर्ण तबकडी 2011 साली निघाली तेव्हा तो बासष्ट वर्षांचा होता. साडेसहा वर्षांनी तो गेला. या गायकाला जुना म्हणावे की नवा? त्याची शैली 1960 च्या दशकातली, तबकडी आजची. जुन्याचे अनुकरण म्हणून त्या कंपनीला नावे ठेवणारेही होते; परंतु जो माणूस त्या काळातच वाढला आणि ज्याला त्या काळी कोणी माईकपुढे उभे केले नाही, त्याने कोणाचे अनुकरण केले? ब्रॅडलीच्या बाबतीत रसिकांनी वेळेवर, म्हणजे अगदी शेवटच्या घटकेला का होईना, ऐकले. टाळ्या त्याच्या स्वतःच्या कानी पडल्या आणि पैसा त्याच्या हाती पडला. संग्राहकांच्या साऱ्या धडपडीला जे साधत नाही ते येथे साधले.

यावर कोणी म्हणेल, दर आठवड्यास शेकडो नवी गाणी निघतात. ती सर्व ऐकणे मनुष्यशक्तीबाहेरचे आहे. हे खरे आहे, आणि सर्व ऐकण्याचा आग्रह कोणी धरीतही नाही. आग्रह एवढाच की जे पुढ्यात आले त्यास जुन्याइतकाच धीर मिळावा. ‘हरवलेले रत्न’ अशी चिठ्ठी लावून आलेली तबकडी आवडली नाही तर आपण ती तीनदा ऐकतो व दोष आपल्या कानाला देतो. अनोळखी तरुणाची तबकडी अर्ध्या मिनिटात बाजूस सारतो व दोष त्याला देतो. याचे कारण उघड आहे. जुन्याची स्तुती बिनधोक असते. तिच्यामागे चार जाणकारांची ग्वाही उभी असते. नव्याची स्तुती करणाऱ्याला आपल्या रसिकतेचे भांडवल पणास लावावे लागते, आणि ते बुडण्याची शक्यता पुष्कळ असते. तो धोका कोणी पत्करीना, म्हणूनच तर कॅपसोलची गाणी तीस वर्षे खोक्यांत पडून राहिली.

आमच्या महाविद्यालयातील तरुण मला अधूनमधून आपल्या आवडीची गाणी आणून ऐकवितात. ‘सर, ही 1976 सालची आहे, आणि गाणारी आपल्या मुंबईची,’ असे सांगून त्यांतल्या एकाने आशा पुथली यांचे ‘स्पेस टॉक’ लाविले, तेव्हा त्याच्या मुद्रेवर संशोधकाचा अभिमान होता, आणि तो रास्तही होता. मुंबईत वाढलेल्या या गायिकेचे नाव तिच्या शहरापेक्षा न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांत अधिक गाजले. मी त्याला एवढेच विचारले, की याच शहरात आज रात्री वीस श्रोत्यांपुढे कोण गात आहे? त्याला ठाऊक नव्हते, आणि मलाही नव्हते. पुढल्या शनिवारी आम्ही दोघे तिकीट काढून अशा एका कार्यक्रमास गेलो. गाणे बरे होते. त्याहून अधिक स्तुती करण्यास मला ते आणखी दोनदा ऐकावे लागेल.